राख आहे, आच हवी

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ज्यानं नोकरी काढली, त्याला राखेचं कौतुक नसतं. रसातली राख, मळीतली राख, साखरेतली राख हे सगळे आमच्या लेखी दोषाचे आकडे. आकडा जितका खाली, तितका केमिस्ट हुशार. बॉयलरच्या राखेला तर तेवढाही मान नाही. ती ट्रॉलीत भरायची आणि आवाराबाहेर काढायची. कुठे वीटभट्टीवर जाते, कुठे रस्त्याच्या भरावात, कुठे एखाद्या खड्ड्यात. जी जात नाही ती वाऱ्यावर उडते आणि वाळत घातलेल्या धुण्यावर बसते. त्यामुळे मी निवृत्तीनंतर याच राखेची वकिली करत फिरतो म्हटल्यावर जुने सहकारी हसतात. हसू देत. माझं म्हणणं सरळ आहे: बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उत्तम प्रतीची झिलईची भांडी होऊ शकतात, झिलईसाठी लागणारा बहुतेक माल इथं पडून आहे, आणि अडलंय ते फक्त भट्टीपाशी.

विषय डोक्यात शिरला तो पुतण्यामुळे. त्यानं बारामतीजवळ शेतात कृषी पर्यटन केंद्र काढलं आहे. हुरडा आहे, पिठलं-भाकरी आहे, बैलगाडी आहे. ताटाच्या जागी मात्र चीनहून आलेल्या खोलगट थाळ्या आणि वाट्या. खोक्यावर लिहिलेलं की भांडी हातानं घडवलेली, झिलई नैसर्गिक, रंग भट्टीत आपोआप उमटलेला. मी किंमत विचारली आणि गप्प बसलो. तो म्हणाला, “काका, पुण्याच्या पाहुण्यांना असलंच आवडतं. फोटोही चांगले येतात.”

“झिलई कशाची आहे?”

“नॅचरल लिहिलंय की.”

या उत्तरानं केमिस्टचं समाधान होत नाही. वाटी मात्र खरोखर देखणी होती, हे आधी सांगतो. राखाडी हिरवा रंग, काठाशी झिलई पातळ होऊन तपकिरी झालेली, पोटात लोखंडाचे बारीक ठिपके. बुडाच्या कड्याच्या जरा वर झिलई थांबलेली आणि खाली माती उघडी, हाताला खरखरीत. दोन वाट्या शेजारी ठेवल्या तर रंग एकसारखा नाही. कारखान्यात आम्ही याला माल नापास म्हटलं असतं. इथं त्याच फरकाचे पैसे मोजले जातात.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. तिला तीन गोष्टी लागतात. काच जिची होते ती सिलिका. सिलिकेला वितळायला लावणारे चुना आणि पोटॅशसारखे पदार्थ. आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळून जाऊ नये म्हणून ॲल्युमिना, जो मातीतून मिळतो. सिलिका एकटी असेल तर १,७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन वितळते. चुना आणि पोटॅश योग्य प्रमाणात भेटले की हे काम १,२०० ते १,३०० अंशांत उरकतं. नैसर्गिक झिलई म्हणजे हे तिन्ही पदार्थ रसायनांच्या दुकानातून न आणता राख, दगड आणि माती यांतून मिळवणं. त्यात गूढ काही नाही.

चीनमध्ये हे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीच्या काळात सुरू झालं. लाकडावर चालणारी भट्टी १,२०० अंशांच्या आसपास गेली की जाळाबरोबर उडालेली राख भांड्यांच्या खांद्यावर बसते आणि तिथंच काच होते. कुंभारांनी ते पाहिलं आणि मग राख मातीत कालवून मुद्दाम लावायला सुरुवात केली. पुढं एकेका प्रांतानं आपापल्या मातीतून आपापला रंग काढला. झेजियांगमधल्या लोंगच्युआनच्या कुंभारांनी झिलईत लोखंड अगदी थोडं ठेवलं, भट्टीला हवा कमी दिली आणि हिरवा सेलाडॉन मिळवला. त्यांच्या या भट्टीकामाची २००९ साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. फुजियानमधल्या ज्यान भट्ट्यांजवळची माती लोखंडानं भरलेली. त्यांनी तीच माती राखेत मिसळली आणि सोंग काळातले ते काळेभोर चहाचे वाडगे घडवले, ज्यांच्यावरच्या तपकिरी रेघांना सशाची लव म्हणतात. जिंगदेझेनमध्ये तर चुनखडीचे दगड आणि नेच्याच्या झुडपांचे थर एकावर एक रचून जाळत आणि त्या राखेची झिलई करत. माती पांढरी नाही, दगड काळा आहे, अशी कुरकूर ज्यानच्या कुंभारांनी केली असती तर ते वाडगे झालेच नसते.

आता आपल्याकडचा माल पाहू. ऊस हे गवत आहे, आणि गवतं जमिनीतून सिलिका उचलतात. पाचट ओढताना हात कापतो तो पानाच्या कडेवरच्या याच सिलिकेमुळे. बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जाळला की बाकीचं उडून जातं आणि सिलिका मागं राहते. बॉयलरच्या राखेत निम्म्याहून अधिक, पुष्कळदा ६० टक्क्यांच्या वर सिलिका असते. सोबत थोडं पोटॅश, थोडा चुना, थोडं लोखंड. जपानी कुंभार भाताच्या तुसाच्या अशाच सिलिकायुक्त राखेतून दुधाळ पांढरी झिलई काढतात, ती जगभर नावाजली जाते. ढोबळ हिशोब करा. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात पावणेतीन ते तीन लाख टन ओला बगॅस निघतो. त्याची दोन टक्के राख धरली तरी पाच-सहा हजार टन झाली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा खासगी कारखाना, एवढे दोन तालुक्यांत आहेत. झिलईला किती राख लागेल? एका कुंभारवाड्याला वर्षाला काही पोती. म्हणजे राखेची विल्हेवाट लावायचा हा मार्ग नव्हे, हे मान्य. मला राख संपवायची नाहीच, तिच्यातला थोडा भाग झिलई म्हणून सोन्याच्या भावानं विकायचा आहे.

दुसरा माल दगडाचा. आपल्या खडी क्रशरवर काळ्या दगडाची भुकटी ढिगानं पडलेली असते. दख्खनच्या या बसाल्टमध्ये साधारण निम्मी सिलिका, तेरा-चौदा टक्के ॲल्युमिना, जवळपास तेवढंच लोखंड आणि दहा टक्क्यांच्या आसपास चुना. हा दगड १,२०० अंशांच्या पुढं स्वतःच वितळतो आणि गडद तपकिरी ते काळी काच देतो. तिसरा माल चुनखड. इंदापूरच्या शेतकऱ्याला ती सांगायला नको, पीक पिवळं पडलं की तिचीच आठवण निघते. झिलईत मात्र ती वितळवण्याचं काम करते. चौथा उजनी धरणाचा गाळ. बारीक, लोखंड भरपूर, भट्टीत चढवला तर झिलईसारखा वितळणारा. राख, काळा दगड, चुनखड, गाळ: ज्यानच्या कुंभाराला यांतलं काहीच परकं वाटलं नसतं.

काच कशी होते ते आपण रोज पाहतोही. ऑफ सीझनला बॉयलर उघडला की भट्टीच्या भिंतीवर हिरवट-काळा चकाकता थर चढलेला असतो. तो छिन्नीनं फोडून काढणं हे देखभालीतलं सर्वांत वैतागाचं काम. वीटभट्टीत जाळाजवळची वीट जास्त भाजून अशीच काचेरी होते, तिला खंगर म्हणतात आणि पायात भरायला स्वस्तात देतात. राखेची झिलई आपल्याकडे अशी वर्षानुवर्षं होतेच आहे. ती भांड्यावर मात्र कुणी होऊ दिली नाही.

पुण्यात ओळखीच्या एका स्टुडिओत, १,२५० अंशांच्या भट्टीत, मी काही तुकडे भाजून घेतले. नुसती चाळलेली राख कोरडी, वाळूसारखीच राहिली. राख आणि क्रशरची भुकटी यांची गडद तपकिरी झिलई झाली, कडेला मधाच्या रंगाची. त्यात चुनखड वाढवली तेव्हा जाड थरात दुधाळ हिरवट झाक आली. भुकटीऐवजी फेल्डस्पार घातला तर रंग उजळला. जगभरचे कुंभार दोन भाग राख, दोन भाग फेल्डस्पार, एक भाग माती या जुन्या प्रमाणापासून सुरुवात करतात. आपल्या राखेत सिलिका जास्त असल्यामुळे चुना वाढवावा लागतो, एवढाच फरक.

हे तुकडे घेऊन मी इंदापूर तालुक्यातल्या एका जुन्या कुंभाराकडे गेलो. उन्हाळ्यात माठ, पोळ्याला बैल, नवरात्राला घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडी असं त्यांचं वर्ष चालतं. बोटांनी तुकडा चाचपत ते म्हणाले, “साहेब, हे झालं ब्येस. पण आमचा आवा एवढा तापतच न्हाई. आन् तापला तर माती बसती.”

दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. उघडा आवा सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जातो. तेवढ्यात माठ उत्तम भाजतो, सच्छिद्र राहतो, म्हणून पाणी गार करतो. राखेची झिलई मात्र तिथं वितळत नाही. आणि काळ्या जमिनीची माती १,२०० अंशांपर्यंत नेली तर भांडंच मऊ होऊन खाली बसतं. म्हणजे दोन गोष्टी बाहेरून आणायच्या: उच्च तापमान सोसणारी माती आणि ते तापमान देणारी भट्टी. माती ट्रकनं येते. सिंधुदुर्गात आणि विदर्भात चिनी मातीचे साठे आहेत. भट्टी मात्र एकट्या कुंभाराच्या आवाक्यातली नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट वैयक्तिक मदतीच्या सरकारी योजनांत सुटते. खादी आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून विजेवरची चाकं वाटली गेली. सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभाराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज आहे. योजना वाईट नाहीत. विजेच्या चाकानं कुंभाराचा खांदा वाचतो, ही मोठी गोष्ट. पण चाक वेगानं फिरलं म्हणून माठाची थाळी होत नाही. जो माल आज खपत नाही तोच दुप्पट वेगानं घडवून कुंभारानं करायचं काय? अवजार प्रत्येकाला वेगळं मिळतं, आणि जे एकट्याला घेताच येत नाही त्याला या वैयक्तिक मदतीच्या तक्त्यात रकाना नाही.

चीनमध्ये याचं उत्तर काय काढलं ते पाहण्यासारखं आहे. जिंगदेझेनचे मोठे सरकारी कारखाने १९९० च्या दशकात बंद पडले आणि कारागीर रस्त्यावर आले. त्यानंतर तिथं छोट्या छोट्या कामशाळा उभ्या राहिल्या, तरुण मंडळी बाहेरून येऊन राहिली, शनिवारी सकाळी त्यांचा बाजार भरू लागला. हे जमलं त्याचं एक साधं कारण म्हणजे सार्वजनिक भट्ट्या. कुंभार घरी भांडी घडवतो, झिलई लावतो, फळीवर मांडून भट्टीवर नेऊन देतो आणि व्यापलेल्या जागेपुरतं भाडं भरतो. भट्टी रोज भरते, भट्टीवाला त्यातलाच तज्ज्ञ असतो, आणि कुंभाराच्या डोक्यावर भट्टीचं कर्ज नसतं.

ही व्यवस्था ऊसपट्ट्याला समजावून सांगावी लागू नये. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढता येत नव्हता, म्हणून १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला. ऊस ज्याचा त्याचा, आच सगळ्यांची. कुंभाराची गरज तंतोतंत हीच आहे, फक्त आकार हजारपट लहान. सहकारानं आपल्याकडे ऊस गाळला, दूध गोळा केलं, बँका काढल्या. मातीला मात्र त्यानं फारसा हात लावला नाही, कारण कुंभारांची मतं मोजकी आणि गावोगाव विखुरलेली.

ज्ञान परदेशातून आणायचं असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्यानं १९५५ साली ग्रामोदय संघ सुरू केला आणि गावच्या कुंभाराला सुधारित भट्टी, चांगली माती आणि झिलई यांचं शिक्षण दिलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे. निर्मला पटवर्धनांनी झिलयांवर आयुष्यभर प्रयोग केले आणि १९८४ मध्ये ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ लिहून आपली प्रमाणं सर्वांसाठी खुली केली. तंत्र लपवून ठेवायच्या या धंद्यात ही दुर्मिळ उदारता. आणि तापमानाची भीती तर इंदापूर तालुक्यानं बाळगूच नये. १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसलेल्या वालचंदनगरमध्ये इस्रोच्या रॉकेटांची आवरणं घडली आहेत. त्या तालुक्यात १,२८० अंशांची एक पेटी बांधायला माणूस मिळत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला भावाचा. खुर्जाची क्रोकरी आणि मोरबीचा माल ट्रकभर येतो, सेलमध्ये स्वस्तात जातो. त्यांच्याशी भावात स्पर्धा करायला जाऊच नये. पुतण्या ज्या वाटीला पैसे मोजतो, ती वाटी कारखान्यातली नाही आणि स्वस्तही नाही. गिऱ्हाईक आहे, ते आपल्या दारात जेवायला येतं. भिगवणला फ्लेमिंगो पाहायला आणि मासे खायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरून येतात. उजनीचा मासा उजनीच्याच गाळाची झिलई चढलेल्या थाळीत वाढला, तर हॉटेलवाल्याला दोन गोष्टी सांगायला मिळतात.

दुसरा आक्षेप राखेचा. आजची राख उद्याच्या राखेसारखी नसते. उसाची जात, जमीन, बॉयलरमध्ये सोबत जाळलेला कोळसा, यांनी ती बदलते. न जळलेला कार्बन राहतो तो वेगळाच. याचं उत्तर प्रयोगशाळेत आहे. दर तासाला रसाचे ब्रिक्स आणि पोल काढणाऱ्या लॅबला हंगामात काही वेळा राखेचा नमुना घेणं जड नाही. निव्वळ बगॅसची राख वेगळी काढायची, चाळायची, धुवायची, ढिगाला क्रमांक आणि पृथक्करणाचा कागद लावायचा. कुंभाराला हाच कागद हवा. डिस्टिलरीच्या इन्सिनरेशन बॉयलरची पोटॅशयुक्त राख मात्र सरळ वापरू नये. ती पाण्यात विरघळते, तिच्यात क्लोराइड असतात, शिवाय खत म्हणून तिला गिऱ्हाईक आहे.

तिसरा आरोग्याचा, आणि यात तडजोड नको. सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. दळण-चाळण ओलं करायचं, मास्क घालायचा, बंद खोलीत झाडू मारायचा नाही. भांड्यांची शिसं आणि कॅडमियम पाझरण्याची चाचणी झाल्याशिवाय एकही थाळी बाजारात जाऊ नये. १,२५० अंशांवर झिलईला शिशाची गरजच नसते. ते घातलं जातं कमी तापमानावर चकाकी आणायला. स्वस्त, भडक, चकचकीत भांड्यात आमटी वाढणाऱ्यांनी या चाचणीबद्दल आजही विचारावं.

चौथा आक्षेप मला एका माजी संचालकांनी ऐकवला: “कुंभारांचं भलं करायला कारखाना आहे का?” कारखाना सभासदांचा आहे, बरोबर. पण बलुतेदारीच्या काळापासून आमच्या घरांत पाणी ज्यांच्या माठात गार झालं, त्यांना कारखान्याच्या कुंपणाबाहेरची ट्रॉलीभर राख आणि एक शेड देणं म्हणजे दानधर्म नव्हे. भाडं भरून भट्टी चालेल. तोट्यात चालली तर तीन हंगामांनी बंद करा. याहून मोठे प्रयोग आपण याहून कमी विचारानं केले आहेत.

म्हणून आमच्या कारखान्याच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी सभासद या नात्यानं ठराव दिला आहे. एक: कारखान्याच्या आवारालगत एक घनमीटरची, १,२८० अंशांपर्यंत जाणारी गॅसभट्टी शेडसह बांधावी आणि ती दोन्ही तालुक्यांतल्या कुंभारांच्या सहकारी संस्थेला फळीच्या भाड्यावर चालवायला द्यावी. दोन: क्रमांक आणि पृथक्करण लावलेली राख संस्थेला मोफत द्यावी. तीन: दोन तरुण कुंभार, त्यांत एक मुलगी असावी, भद्रावती किंवा खानापूरला शिकायला पाठवावेत. चार: कारखान्याच्या अतिथीगृहासाठी पहिली खरेदी आगाऊ रकमेसह नोंदवावी. आमच्या सभेत ठराव वाचून होण्याआधीच “मंजूर, मंजूर” असा पुकारा होतो आणि पुढचा विषय सुरू होतो. तसं होऊ नये म्हणून ठरावाखाली जागेचा गट नंबर, खर्चाचा अंदाज आणि पहिली भट्टी लावायची मुदत घातली आहे: बॉयलर पेटण्यापूर्वी.